सापडलेल्या धनाचा धनी

हरवलेली वस्तू सापडली आणि तिचा खरा मालक पुढे आला, तर वाद फारसा उरत नाही. त्याने ओळख पटवावी आणि आपली वस्तू घेऊन जावे. कायद्याची खरी परीक्षा होते ती मालकाचा पत्ता लागत नाही तेव्हा. मग एका बाजूला ज्याच्या हाती वस्तू लागली तो माणूस उभा राहतो आणि दुसऱ्या बाजूला ज्याच्या जमिनीत, घरात किंवा दुकानात ती सापडली तो. दोघांपैकी कुणीही ती कमावलेली नसते, विकत घेतलेली नसते, हरवलेलीही नसते. एकाला ती आपल्या हद्दीत आहे याचा पत्ता नव्हता, दुसरा योगायोगाने तिथवर पोहोचला. अशा दोघांत कुणाचा हक्क वरचढ, या प्रश्नाने इंग्लंड-अमेरिकेतल्या न्यायालयांना दोनशे-तीनशे वर्षे गुंतवून ठेवले आहे. भारतात जमिनीत पुरलेल्या धनासाठी १८७८ पासून स्वतंत्र कायदा आहे, आणि त्याच्या कित्येक शतके आधी कौटिल्याने व स्मृतिकारांनी याचा बारकाईने विचार केलेला आहे.

या वादांचा पाया मालकी आणि ताबा यांच्यातल्या फरकात आहे. वस्तू हरवली म्हणून मालकी जात नाही. पाकीट रस्त्यात पडले तरी ते ज्याचे त्याचेच राहते. ज्याला सापडले त्याला मिळतो तो फक्त ताबा. पण ताब्यालाही कायद्यात वजन आहे. ज्याचा ताबा आधीचा, त्याचा हक्क नंतरच्यापेक्षा बळकट मानला जातो. त्यामुळे न्यायालय जगभरातून खरा मालक शोधत बसत नाही. समोर आलेल्या दोन पक्षकारांत कुणाचा हक्क जुना एवढेच तपासते.

हे तत्त्व ज्या खटल्याने रुजवले तो १७२२ सालचा, लंडनचा. धुराडी साफ करणाऱ्या एका मुलाला रत्नजडित दागिना सापडला. किंमत समजावी म्हणून त्याने तो एका सोनाराच्या पेढीवर नेला. तिथल्या उमेदवाराने वजन करण्याच्या निमित्ताने खडे काढून घेतले, मुलाच्या हातावर दीड पेनी ठेवू पाहिली, आणि मुलाने ती नाकारल्यावर त्याला रिकामे कोंदण परत केले. मुलाने दावा लावला. दागिना मुळात याचा नव्हताच, या मुद्द्याचा सोनाराला उपयोग झाला नाही. सापडणाऱ्याचा हक्क खऱ्या मालकाखेरीज इतर सर्वांविरुद्ध टिकतो, असे न्यायालयाने ठरवले. सोनार खडे हजर करत नाही म्हणताच ज्यूरीला असेही सांगण्यात आले की, त्या कोंदणात बसेल असा सर्वांत पाणीदार खडा तिथे होता असे धरून भरपाई ठरवा. पुढे या विषयावर झालेल्या जवळजवळ प्रत्येक इंग्रजी निकालात या मुलाचा उल्लेख येतो.

पण या खटल्यात जागेचा मालक कुठेच नव्हता. तो आला १८५१ मध्ये. एका फिरत्या विक्रेत्याला लंडनमधल्या दुकानातून निघताना जमिनीवर एक पुडके दिसले. उघडले तर आत नोटा. मालक आल्यास द्याव्यात म्हणून त्याने त्या दुकानदाराकडे ठेवल्या. दुकानदाराने वर्तमानपत्रांत जाहिरातही दिली. तीन वर्षे कुणी फिरकले नाही, तेव्हा विक्रेत्याने जाहिरातीचा खर्च देऊ करून नोटा परत मागितल्या, आणि दुकानदाराने नकार दिला. निकाल विक्रेत्याच्या बाजूने लागला. दुकानाचा तो भाग गिऱ्हाइकांसाठी खुला होता, आणि विक्रेत्याने दाखवेपर्यंत नोटा तिथे आहेत हे दुकानदाराला माहीतही नव्हते. ज्याची खबर नाही ते आपल्या ताब्यात होते असे त्याला म्हणता येईना.

पुढच्या पन्नास वर्षांत पारडे जमीनमालकाकडे झुकले. लिंकनशायरमधल्या ब्रिग गावी एका गॅस कंपनीने ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने जमीन घेतली होती. गॅसची टाकी बांधण्यासाठी खोदताना एका अखंड ओकच्या खोडातून कोरलेली प्रागैतिहासिक होडी निघाली. कंपनीचे म्हणणे, आम्ही खोदली म्हणून आमची. १८८६ च्या निकालात होडी जमीनमालकाची ठरली. भाडेपट्टा करताना होडीची कुणालाच कल्पना नव्हती. पण जमिनीच्या पोटात जे काही आहे त्याचा ताबा जमिनीबरोबरच येतो, आणि मालकाने भाड्याने दिली ती जमीन, तिच्यातली होडी नव्हे. (ही होडी पुढे हल शहरातल्या संग्रहालयात होती आणि १९४३ मधल्या बाँबहल्ल्यात जळून गेली.) दहा वर्षांनी, १८९६ मध्ये, लिचफील्ड इथल्या मिन्स्टर तळ्याचा गाळ उपसणाऱ्या कामगाराला चिखलात दोन सोन्याच्या अंगठ्या सापडल्या. तळे पाणीपुरवठा कंपनीच्या मालकीचे आणि कामगार तिनेच लावलेला. अंगठ्या कंपनीला मिळाल्या.

हे निकाल एकापुढे एक ठेवले तर सूत्र हाती येते, पण दुसऱ्या महायुद्धातल्या एका खटल्याने ते पुन्हा गुंतागुंतीचे केले. श्रॉपशायरमधला एक वाडा सरकारने लष्करासाठी ताब्यात घेतला होता. मालक मेजर पील त्या घरात कधीच राहायला गेलेले नव्हते. १९४० मध्ये लान्सकॉर्पोरल हॅना यांना खिडकीच्या चौकटीवरच्या फटीत काहीतरी सैल लागले; कोळिष्टके झटकल्यावर तो कपड्याला लावायचा जडावाचा दागिना निघाला. त्यांनी तो पोलिसांकडे दिला. खरा मालक सापडला नाही म्हणून १९४२ मध्ये पोलिसांनी तो पील यांच्या हवाली केला, आणि पील यांनी तो ६६ पौंडांना विकला. १९४५ मध्ये न्यायालयाने ते ६६ पौंड हॅना यांना देवविले. वस्तू घराच्याच एका फटीत होती, तरी जो मालक त्या घरात कधी राहिलाच नाही त्याचा तिच्यावर ताबा होता असे न्यायमूर्तींना मानता आले नाही. शिवाय हॅना यांच्या प्रामाणिकपणाचे निकालात कौतुक आहे. अशा खटल्यांत वादीचे वर्तन न्यायाधीशांच्या मनावर किती परिणाम करते, हे कायद्याच्या पुस्तकात लिहिलेले नसते. पण निकाल वाचताना ते लपत नाही.

विस्कळीत झालेले हे नियम एकत्र बांधले गेले ते १९८२ मध्ये. हीथ्रो विमानतळावरच्या एका विमान कंपनीच्या खास प्रतीक्षाकक्षात १९७८ साली एका प्रवाशाला सोन्याचे ब्रेसलेट जमिनीवर सापडले. त्याने ते कर्मचाऱ्याकडे दिले, आपले नाव-पत्ता लिहून दिला आणि मालक न आल्यास मला परत द्या असे सांगितले. कंपनीने ते परस्पर ८५० पौंडांना विकून पैसे ठेवून घेतले. अपील न्यायालयाने ही रक्कम व्याजासह प्रवाशाला दिली. निकाल देताना सापडणाऱ्याचे आणि जागेच्या वहिवाटदाराचे हक्क नीट मांडले गेले. वस्तू जमिनीत गाडलेली किंवा इमारतीत पक्की बसलेली असेल, तर ती जागेच्या धन्याची, त्याला तिची माहिती असो वा नसो. ती नुसती जमिनीवर पडलेली असेल, तर मात्र इमारतीवर आणि तिच्यातल्या वस्तूंवर आपले नियंत्रण चालवण्याचा इरादा त्याने आधीच प्रकट केलेला असला पाहिजे. बँकेच्या तिजोरीघरात असे नियंत्रण उघड असते, सार्वजनिक बागेत जवळजवळ नसतेच. प्रतीक्षाकक्ष या दोहोंच्या मधे कुठेतरी येतो. पडलेल्या वस्तू शोधण्याची कसलीही व्यवस्था कंपनीने केलेली नव्हती, म्हणून ती हरली. नोकराला कामावर असताना सापडलेली वस्तू धन्याची धरायची, आणि परवानगीवाचून घुसलेल्याला किंवा बेइमानीने वस्तू दडपणाऱ्याला अगदी दुबळा हक्क मिळेल, हेही याच निकालात स्पष्ट झाले.

'जमिनीवर' आणि 'जमिनीत' यांतले अंतर कधी कधी वीतभरच असते. १९९२ मध्ये सरे परगण्यातल्या फार्नहॅम पार्क या सार्वजनिक उद्यानात धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या एका माणसाने सुमारे नऊ इंच खणून मध्ययुगीन सोन्याचा दागिना काढला. उद्यानात फिरायला सर्वांना मुभा होती. खालच्या न्यायालयाने दागिना त्याला दिला. अपिलात तो उद्यानाची मालक असलेल्या स्थानिक परिषदेचा ठरला. फिरण्याची मुभा ही खणण्याची मुभा नव्हे, हे त्यामागचे कारण. तोच दागिना पावसाने उघडा पडून गवतावर दिसला असता तर निकाल कदाचित वेगळा लागला असता. नऊ इंचांवर हक्क उलटावा हे तर्काला विचित्र वाटते खरे, पण नियमाला व्यावहारिक अर्थ आहे. वरची वस्तू उचलून कुणाचे नुकसान होत नाही, आणि उचलणाऱ्याला काहीच मिळणार नसेल तर तो ती खिशात घालून गप्प बसेल. दुसऱ्याची जमीन उकरण्याला मात्र बक्षीस दिले तर कुणाचीही शेते सुरक्षित राहणार नाहीत.

अमेरिकेत याच तत्त्वाची कसोटी आकाशातून पडलेल्या दगडांनी घेतली. २ मे १८९० रोजी आयोवा राज्यात एका शेतात सुमारे ३० किलोंची उल्का पडून जमिनीत रुतली. शेत गवतासाठी खंडाने दिलेले होते. खंडकऱ्याच्या संमतीने एकाने ती उल्का उकरली आणि १०५ डॉलरना विकली. शेताच्या मालकाने दावा लावला. उल्का कुणी हरवलेली नाही, ती निसर्गाने मातीला दिलेली भर आहे, असे म्हणून आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९२ मध्ये ती जमीनमालकाला दिली. ऑरेगॉनमधला वाद यापेक्षा नाट्यमय होता. एलिस ह्यूज नावाच्या माणसाला शेजारच्या पोलाद कंपनीच्या रानात साडेपंधरा टनांची प्रचंड लोखंडी उल्का दिसली. त्याने स्वतः लाकडी गाडा बनवला आणि मुलगा व एक घोडा यांच्या मदतीने कित्येक महिने खपून १९०३ मध्ये ती सुमारे सव्वा किलोमीटर ओढत आपल्या जमिनीत आणली. मग शेड बांधून पाहायला येणाऱ्यांकडून २५ सेंट घेऊ लागला. उल्का कुठून हलली हे कंपनीच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. १९०५ मध्ये ऑरेगॉनच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. विलामेट नावाने ओळखली जाणारी ही उल्का आज न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहे. मेहनत ह्यूजची, हक्क जमिनीचा.

अमेरिकी न्यायालयांनी आणखी एक भेद केला, तो हरवलेल्या आणि विसरलेल्या वस्तूंमधला. १८६६ च्या मॅसॅच्युसेट्समधल्या खटल्यात एका गिऱ्हाइकाला न्हाव्याच्या दुकानातल्या टेबलावर पैशांचे पाकीट दिसले. टेबलावर पाकीट आपोआप पडत नाही, कुणीतरी ते हाताने ठेवलेले असते. आठवण झाली की तो माणूस दुकानातच परत येणार. म्हणून पाकीट सांभाळण्याचा हक्क दुकानदाराला मिळाला. हा भेद ऐकायला पटतो. पण फरशीवरचे पाकीट टेबलावरून घसरले की खिशातून पडले, हे सिद्ध कसे करायचे याचे उत्तर त्यात नाही.

जमिनीत पुरलेले धन हा यातला सर्वांत जुना आणि सर्वांत जास्त पैशाचा भाग. तिथे तिसरा दावेदार येतो, तो म्हणजे राजा किंवा सरकार. रोमन सम्राट हेड्रियनने दुसऱ्या शतकात वाटणीचा सोपा नियम केला. दुसऱ्याच्या जमिनीत योगायोगाने धन सापडले तर अर्धे सापडणाऱ्याचे, अर्धे जमीनमालकाचे. मुद्दाम शोधत खणणाऱ्याला काही नाही. फ्रान्सच्या १८०४ च्या दिवाणी संहितेतही हाच निम्मेनिम नियम आला. इंग्लंडमध्ये मात्र पुरलेले सोने-चांदी राजाचे मानले जाई, पण एका अटीवर: पुरणाऱ्याचा ते परत काढण्याचा इरादा असला पाहिजे. १९३९ मध्ये सटन हू इथे सापडलेल्या अँग्लो-सॅक्सन जहाजाच्या दफनातला सोन्याचा अप्रतिम ऐवज याच अटीमुळे राजाचा ठरला नाही. मृताबरोबर पुरलेले धन परत काढायचे नसते. चौकशीत तो जमीनमालकीण एडिथ प्रेटी यांचा ठरला, आणि त्यांनी तो ब्रिटिश म्युझियमला दान केला.

जुन्या भारतीय ग्रंथांत चित्र वेगळे दिसते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात निधीची, म्हणजे पुरलेल्या धनाची, खबर देणाऱ्याला सहावा हिस्सा आहे; तो मोलाने लावलेला माणूस असेल तर बारावा. एक लाखाच्या वरचा निधी राजाचा. पण हे आपल्या पूर्वजांचेच आहे असे कुणी सचोटीच्या माणसाने पुराव्यानिशी दाखवले, तर तो सगळा त्याचा. आणि गुपचूप पचवणाऱ्याला जबर दंड. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आपले म्हणून सिद्ध केलेल्या निधीतून राजाने सहावा किंवा बारावा भाग घ्यावा असे आहे, खोटा हक्क सांगणाऱ्याला त्याच्या संपत्तीच्या आठव्या हिश्श्याचा दंड आहे, आणि विद्वान ब्राह्मणाला सापडले तर सगळेच त्याचे. हा शेवटचा नियम कुणाच्या सोयीचा होता ते सांगायला नको. याज्ञवल्क्याने सामान्य माणसाला सापडलेल्या निधीबद्दल सहाव्या भागाचीच गोष्ट केली आहे. शब्दांवरून तो भाग राजाने घ्यायचा असे वाटते. पण मिताक्षरा या त्यावरच्या टीकेत विज्ञानेश्वराने सहावा भाग सापडणाऱ्याला देऊन उरलेला राजाने घ्यावा असा अर्थ लावला आणि हिशेब पार उलटून टाकला. या साऱ्या ग्रंथांत वाद राजा आणि सापडणारा यांच्यात आहे. जमिनीचा धनी म्हणून कुणाला वेगळा वाटा नाही.

तो वाटा दिला इंग्रजी राजवटीच्या १८७८ च्या कायद्याने. मराठीत त्याला भारतीय निखात निधी अधिनियम म्हणतात. तो आजही अमलात आहे, आणि काही राज्यांनी त्यात बदल केले आहेत किंवा आपले वेगळे कायदे केले आहेत. जमिनीत, किंवा जमिनीला कायमच्या जोडलेल्या कशातही, दडवलेली कोणतीही मोलाची वस्तू म्हणजे निधी, ही त्यातली व्याख्या. त्यामुळे शेतातला मोहरांचा हंडाच नव्हे, तर जुना वाडा पाडताना भिंतीच्या कोनाड्यात चिणलेली चांदीची भांडीही यात येतात. रस्त्यावर पडलेली सोनसाखळी येत नाही. सोने-चांदीचीच अट नसल्याने तांब्या-पितळेच्या मूर्तीही सुटत नाहीत.

निधीची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवले पाहिजे. काय सापडले, किती, कुठे आणि कोणत्या दिवशी, हे सगळे त्यात हवे. ऐवज जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायचा, किंवा मागितल्यावर हजर करण्याची हमी द्यायची. जिल्हाधिकारी मग जाहीर सूचना काढतो. ज्यांचा दावा असेल त्यांनी हजर होण्याची तारीख सूचनेनंतर चार महिन्यांच्या आत नको आणि सहा महिन्यांपलीकडे नको. त्या दिवशी न येणाऱ्याचा हक्क बुडतो. नंतरच्या चौकशीत धन कुणी, कुठे, कोणत्या परिस्थितीत शोधले आणि शक्य तितपत ते कुणी व का पुरले, हे पाहिले जाते.

इथे शंभर वर्षांची रेघ येते. हजर झालेल्या दावेदाराने किंवा त्याच्या पूर्वजाने गेल्या शंभर वर्षांत ते पुरले असावे असे जिल्हाधिकाऱ्याला वाटले, तर तो प्रकरण थांबवून दावेदाराला दिवाणी न्यायालयात जायला मुदत देतो. चोर-दरोडेखोरांच्या भयाने किंवा प्लेगच्या साथीत घर सोडताना पुरलेला ऐवज खापरपणजोबांनीच ठेवला होता, हे वंशजाला तिथे शाबीत करावे लागते. कागद नसतो, साक्षीदार हयात नसतो. उरते ती घरातली ऐकीव गोष्ट, आणि तीही प्रत्येक भावाकडे निराळी. असा दावा आला नाही किंवा फेटाळला गेला की धन बेवारस म्हणून जाहीर होते.

बेवारस ठरल्यावर वाटणी अशी. जागेचा मालक म्हणून कुणी हजर नसेल तर सगळे सापडणाऱ्याचे. एकच मालक असेल आणि त्याच्या मालकीबद्दल सापडणाऱ्याची हरकत नसेल, तर आधी दोघांत काही करार झालेला असल्यास त्याप्रमाणे. करार नसल्यास तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाला. दोन माणसे मालकी सांगू लागली, किंवा सापडणाऱ्यानेच मालकी नाकारली, तर ऐवज जिल्हाधिकाऱ्याकडे अडकून राहतो. महिन्याभरात दिवाणी दावा लावून मालकी ठरवून आणावी लागते. महाराष्ट्रात हीच पायरी सर्वांत चिवट असते. सातबारा हा मुळात महसुलाचा कागद; त्यावरचे नाव पुरावा म्हणून चालते, पण मालकीचा अंतिम दाखला ठरत नाही. वाटणीपत्र न झालेली भाऊबंदकीची जमीन, कुळाची, इनामी किंवा देवस्थानची जमीन असली की 'जागेचा मालक कोण' हेच ठरवता ठरवता वर्षे जातात. विक्रीच्या दस्तात जमिनीतल्या निधीचा हक्क राखून ठेवलेला असेल तर या कायद्यापुरता तो हक्कदारच मालक धरला जातो, ही बारीक तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते.

रोमन कायद्यात निम्मे, इथे तब्बल पाऊण. सापडणाऱ्याबद्दल इतका उदार कायदा तेव्हा इंग्लंडमध्येही नव्हता. या उदारतेमागचा हिशेब व्यवहारी होता: गरीब शेतमजुराला जवळजवळ सगळे मिळण्याची आशा असेल तरच तो कचेरीची पायरी चढेल. पण त्याच कायद्याने दुसऱ्या हाताने बरेच काढून घेतले. सरकारला हवे तर ते निधी विकत घेऊ शकते, आणि किंमत किती? वस्तूतल्या धातूचे मोल अधिक त्याचा पाचवा हिस्सा. सातवाहनांचे दुर्मीळ नाणे असो की चांदीचा तुकडा, मोजमाप वजनावर. संग्राहक ज्या नाण्याला कितीतरी पट देईल ते या दराने देणे म्हणजे प्रामाणिकपणाला दंड लावण्यासारखे आहे. कळवले नाही तर शिक्षाही आहे: सापडणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा होतो आणि वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. मालकाने साथ दिली तर त्याचाही वाटा जातो आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तरीही भीती आणि लालूच यांच्यात सोनाराची मूस अनेकदा जिंकते.

मुशीत काय जाते हे थोड्या उदाहरणांवरून कळेल. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. नाणी क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. एका राजाने दुसऱ्याचा पराभव केला, याचा पुरावा हजारो तुकड्यांत हातात आला. तो साठा वितळला असता तर काही किलो चांदी तेवढी उरली असती. दायमाबादला, प्रवरेच्या काठी, १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस सापडली. एकूण वजन ६० किलोंच्या वर. त्यानंतर पुरातत्त्व खात्याने तिथे मोठे उत्खनन केले, पण ती ब्राँझ शिल्पे थरांतून निघालेली नसल्यामुळे त्यांच्या काळाबद्दल तज्ज्ञांत मतभेद राहिले. राजस्थानातल्या बयानाजवळ १९४६ मध्ये गुप्तकालीन सोन्याच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. त्यांतली बरीच नाणी सरकारदरबारी पोहोचण्याआधीच नाहीशी झाली. उरलेल्या १,८२१ नाण्यांची सूची कोल्हापूरकडचे विद्वान अनंत सदाशिव अळतेकर यांनी तयार करून १९५४ मध्ये प्रसिद्ध केली.

इंग्लंडने या प्रश्नाचे उत्तर पैशाने काढले. १९९२ मध्ये सफोक परगण्यातल्या हॉक्सन इथे एका माणसाने शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधण्यासाठी धातुशोधक यंत्र फिरवले आणि त्याला रोमन काळातील सोन्या-चांदीच्या हजारो नाण्यांचा ठेवा मिळाला. त्याने थोडेसेच उकरून लगेच कळवले, त्यामुळे पुरातत्त्वज्ञांना तो जागच्या जागी तपासता आला. बक्षीस मिळाले साडेसतरा लाख पौंड. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ते सगळे त्याचे होते, जमीनमालकाला काही नव्हते. त्याने आपण होऊन मित्राला वाटा दिला. (हातोडाही सापडला, आणि तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.) १९९६ च्या कायद्याने पुरण्यामागच्या इराद्याची जुनी अट काढली आणि त्यानंतर जमीनमालकही बक्षिसाचा वाटेकरी झाला. किंमत बाजारभावाने ठरते आणि सहसा निम्मेनिम वाटली जाते. २००९ मध्ये सापडलेल्या स्टॅफर्डशायर ठेव्याची ३२ लाख ८५ हजार पौंड ही रक्कम अशीच वाटली गेली, जरी शोधणारा आणि शेतकरी यांच्यात त्यावरून बेबनाव झालाच. ज्यांना बक्षिसाचा मोह पुरत नाही त्यांच्यासाठी तुरुंग आहे: हेरफर्डशायरमधला व्हायकिंगकालीन ठेवा दडवून विकणाऱ्या दोघांना २०१९ मध्ये दहा आणि साडेआठ वर्षांच्या शिक्षा झाल्या.

भारतात निधीच्या कायद्याबरोबर इतर कायदेही लागू होतात. संरक्षित स्मारकाच्या जागेत कुणालाही परवानगीवाचून खणता येत नाही. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणी यांसारख्या पुरावस्तूंवर १९७२ च्या कायद्याची बंधने आहेत, आणि त्या देशाबाहेर खासगीरीत्या नेता येत नाहीत. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी कृत्ये आणि नरबळीचे प्रकार महाराष्ट्रात झालेले आहेत. राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात अशा कृत्यांचा स्पष्ट उल्लेख करावा लागला, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

जमिनीवर सापडलेल्या साध्या वस्तूंसाठी १८७२ चा करार अधिनियम आहे. वस्तू उचलून ताब्यात घेतली की तिची ठेवीसारखी काळजी घ्यावी लागते. शोधाशोधीचा खर्च मिळेपर्यंत ती अडवून धरता येते, त्यासाठी मालकावर दावा मात्र लावता येत नाही. मालकाने बक्षीस जाहीर केले असेल तर त्यासाठी लावता येतो. मालक वाजवी प्रयत्न करूनही सापडला नाही किंवा खर्च द्यायला नकार देत असेल, आणि वस्तू नासण्याची भीती असेल किंवा खर्च किमतीच्या दोन तृतीयांशांपर्यंत गेला असेल, तर विक्रीयोग्य वस्तू विकताही येते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ प्रमाणे नुसते उचलणे गुन्हा नाही. मालक ठाऊक असताना, किंवा सहज शोधता येत असताना, वस्तू आपलीशी करणे हा अपहार आहे. रस्त्यावर कुणाचा म्हणून कळत नाही असा रुपया उचलणाऱ्याने गुन्हा केला नाही, हे उदाहरण १८६० च्या दंड संहितेपासून कायद्यात दिलेले आहे. ज्याच्या हातून पाकीट पडताना पाहिले त्याचेच पाकीट ठेवून घेणारा मात्र गुन्हेगार.

जुने घर पाडणाऱ्याने किंवा शेतात विहीर, शेततळे खोदणाऱ्याने यातून एक गोष्ट लक्षात ठेवावी. वाटणीबद्दलचा करार कायदा मान्य करतो, म्हणून ठेकेदार आणि मजुरांशी तो काम सुरू होण्याआधीच लेखी केलेला बरा. आणि काही निघालेच, तर ते घासू-धुऊ नये, नातलगांत वाटू नये, जागा आणखी उकरू नये. पंचांसमक्ष मोजदाद करून त्याच दिवशी तहसील कचेरीमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. पाऊण हिस्सा मागण्याचा रस्ता त्या पोचेपासून सुरू होतो.